लाकडी नळीने ऐकलेले नाव

मित्रांनो, प्रसूतीच्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्या फटीत जी वीतभर लाकडी वस्तू खुपसून ठेवली आहे ना, ती मी. जवळ येऊन पाहा. मी खिडकीसाठी केलेली नाही. एका टोकाला मी तुतारीसारखी रुंद आहे, दुसऱ्या टोकाला बशीसारखी चपटी, आणि मधून आरपार पोकळ. रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचे, चपट्या बाजूला कान लावायचा, की आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. मी आता जुनी झाले आहे. पण माझ्यात बिघडण्यासारखे काही नसल्यामुळे मी कधी बिघडले नाही.

माझा जन्म इथलाच, आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या डोंगरातल्या हा-तामाए गावचा. मिशनच्या दवाखान्यामागे पीचचे एक झाड होते. त्याच्यावर वीज पडली आणि ते अर्धे जळाले. उरलेल्या अर्ध्यातून सुतार न्ताते सेखोन्याना यांनी मला घडवले. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात आणि बाईला म्मे. म्हातारबुवा अकरा दिवस उन्हात पाय पसरून मला कोरत, घासत बसले होते. तयार झाल्यावर परीक्षा घ्यायला त्यांनी मला स्वतःच्या बायकोच्याच पोटावर टेकवले.

"ऐकू येतंय काहीतरी," ते हरखून म्हणाले.

"सकाळी खाल्लेला मक्याचा पापा आहे तो," म्मे म्हणाल्या. "मक्याच्या पिठाला ठोके असतात हे आजच कळलं. उठा, शेळ्या सुटल्यात."

तिथून मी सुईण म्मे मापालेसा यांच्या ॲप्रनच्या खिशात आले आणि तीस वर्षे तिथेच राहिले. तेव्हा त्या तरुण होत्या. माझ्यावर कान टेकला की त्या डोळे मिटायच्या आणि बोटाने स्वतःच्या मांडीवर ताल धरायच्या. किती बाळे मी त्यांना आधी ऐकवली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मोठ्या शहरातून आलेल्या नर्स मला पाहून हसायच्या. मापालेसा म्हणायच्या, "हसा. पण ही खोटं बोलत नाही." मित्रांनो, एवढ्या कौतुकावर एखादी वस्तू पुष्कळ वर्षे काढू शकते.

मग एका उन्हाळ्यात दवाखान्याचे म्हातारे डॉक्टर नदीच्या पुरात घोड्यासकट वाहून गेले. दोन वर्षे डॉक्टर नव्हता. आमच्या देशातली जी मुले डॉक्टर व्हायला परदेशी जात, ती डोंगरात परत येत नसत. शेवटी एका गारठलेल्या दुपारी बसमधून एक उंच, सावकाश बोलणारा माणूस उतरला. काँगोचा. बरोबर त्याची बायको मार्सेलिन आणि दोन सुटकेसी. त्याने आपले नाव सांगितले. ते लांब होते. स्वयंपाकीण, नर्स आणि मापालेसा यांनी एकमेकींकडे पाहिले, मान डोलावली, आणि कुणाच्याच ते लक्षात राहिले नाही. न्ताते डॉक्टर म्हटले की भागत होते.

त्यांनी ठोके ऐकायचे बॅटरीचे यंत्र आणले होते. तिसऱ्या आठवड्यात बर्फ पडला आणि यंत्र मुके झाले. एक बाई टेबलावर कण्हत होती. डॉक्टर यंत्रावर टिचक्या मारत होते. मापालेसा थोडा वेळ मजा बघत उभ्या राहिल्या.

"न्ताते डॉक्टर, झोपलं वाटतं ते."

"गारठलंय."

"मग ही घ्या. हिला बॅटरी लागत नाही, नुसता कान लागतो. तो आणलाय ना घरून?"

डॉक्टरांनी मला मुठीत घट्ट धरले, कान लावला आणि म्हणाले, "फार सावकाश ठोके आहेत. बाळ धोक्यात आहे!"

"हात सोडा," मापालेसा म्हणाल्या. "धरून ठेवलं की आपलीच नाडी ऐकू येते. कानाने दाबा आणि हात सोडून द्या."

त्यांनी हात सोडला. मी त्यांच्या कानाच्या आणि त्या पोटाच्या मध्ये तोलून उभी राहिले. आतले बाळ ठणठणीत होते, पळत्या शिंगरासारखे. डॉक्टर लहान मुलासारखे हसले. त्या दिवसापासून मी मापालेसांच्या खिशातून त्यांच्या कोटाच्या खिशात गेले.

गावाने त्यांची थट्टा करणे मात्र सोडले नाही. ते घोड्यावर बसायला शिकत होते तेव्हा गुराखी ओरडायचे, "न्ताते, घोडा कोणता आणि पोतं कोणतं, आम्हाला कळू द्या!" पडले की सगळे हसायचे, ते स्वतःही. पण खिंडीपलीकडच्या वाडीत कुणी अडले, तर पोत्यासारखे का होईना, डॉक्टर घोड्यावर असायचेच.

पहिल्याच वर्षी त्यांनी गावच्या मोरेनांची, म्हणजे प्रमुखांची, सून आणि तिची जुळी वाचवली. मोरेना तामाए यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने मेंढी कापली, तिच्या कातड्याची पट्टी डॉक्टरांच्या मनगटावर बांधली, अंगावर घोंगडी पांघरली आणि सगळ्या गावासमोर त्यांना नाव दिले, त्सेलिसो. घरातले कुणी गेल्यावर जे मूल जन्मते, त्याला आमच्याकडे हे नाव ठेवतात. त्याचा अर्थ सांत्वन. "हा आज माझ्या घरात जन्मला," मोरेना म्हणाले, "आणि याचं कूळ बातौंग, सिंहाचं." बायकांनी आनंदाने आरोळ्या दिल्या. मित्रांनो, मी खिशात होते. त्या माणसाचे हृदय त्या वेळी कसे धडधडत होते, हे फक्त मला ठाऊक आहे.

पंधरा वर्षे गेली. दर तीन वर्षांनी डॉक्टरांचा राहण्याचा परवाना संपायचा आणि दर तीन वर्षांनी ते राजधानीत जाऊन नवा आणायचे. अकराव्या वर्षी मार्सेलिन आजारी पडून गेल्या. त्यांना इथेच, दवाखान्याच्या वरच्या उतारावर पुरले. त्यानंतर डॉक्टर घरी जायची भाषा कधी बोलले नाहीत. जायला काही उरलेही नव्हते. काँगोतल्या त्यांच्या गल्लीखाली खाण पोहोचली होती आणि भाऊ फोनवर सांगायचा, "येऊ नकोस, इथे भिंतीसुद्धा खचतात."

आणि मग ते साठ वर्षांचे होणार होते. परदेशी डॉक्टरची नोकरी साठीनंतर वाढवायची नाही, असा नियम आला होता. नोकरी नाही तर परवाना नाही. राहायचे असेल तर एकच दार होते, कायमच्या रहिवाशाचा दाखला. ज्याच्याकडे तो, त्याला साठीनंतरही काम करता येणार होते. आणि मेल्यावर मार्सेलिनच्या शेजारी जागा मिळणार होती. हे डॉक्टर मोठ्याने कधी बोलले नाहीत. पण मापालेसांनी एकदा विचारले, "त्या थडग्याच्या डावीकडे दगड रचून जागा कशाला अडवलीत?" तेव्हा ते म्हणाले, "वारा लागतो तिला त्या बाजूने."

अर्ज म्हणजे काय असतो, हे मी त्या वर्षी पाहिले. फ्रेंचमधल्या पदवीचे शिक्क्यानिशी भाषांतर. गुन्हा केला नाही म्हणून मायदेशाच्या पोलिसांचा दाखला. तो यायला दहा महिने लागले आणि आला तेव्हा त्याची मुदत संपायला सहाच आठवडे उरले होते. प्रकृती ठीक असल्याचे दुसऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र.

"तुम्हीच करा की सही," मापालेसा म्हणाल्या. "इथे दुसरा डॉक्टर आणायचा कुठून?"

"स्वतःच्या तब्येतीवर स्वतः सही चालत नाही, म्मे."

"मग मी करते. म्हातारा आहे, कुरकुरा आहे, पण दात शाबूत आहेत, असं लिहिते."

प्रमाणपत्रासाठी दिवसभराचा रस्ता तुडवून ते खाली उतरले. आता राहिले होते फक्त गावच्या प्रमुखाचे पत्र.

चावडीवर डॉक्टर मोरेनांना म्हणाले, "एवढंच लिहायचं, की मी इथे पंधरा वर्षं राहतोय आणि माझी वागणूक चांगली आहे."

मोरेनांचा चेहरा उतरला. "राहतोय? पाहुण्यासारखा? तुझ्याबद्दल असलं कोरडं पत्र मी लिहू? मेंढरं विकायची परवानगी देताना मी तसं लिहितो. तू जा. मी लिहितो."

दोन दिवसांनी पाकीट आले. बंद, वर चावडीचा शिक्का. मित्रांनो, आमच्याकडे मोरेनाचे बंद पाकीट उघडून पाहणे म्हणजे त्याच्या तोंडावर तुम्ही खोटे आहात असे म्हणणे. डॉक्टर पंधरा वर्षांत आमच्यासारखेच झाले होते. त्यांनी पाकीट हातात फिरवले, कपाळाला लावले आणि तसेच अर्जात ठेवून दिले. तेवढे एक ते परके राहिले असते तर!

चार महिन्यांनी राजधानीतल्या कचेरीचे बोलावणे आले. पत्र लिहिणाऱ्यालाही बरोबर आणा, असे त्यात होते. मोरेनांनी चांगली घोंगडी पांघरली, गवताची टोकदार टोपी घातली, आणि दोघे बसने खाली गेले. मी नेहमीप्रमाणे खिशात होते. साडेआठपासून ते बाकावर बसले. अकरा वाजता एका कारकुनाने दार उघडून हाक दिली, "कालेंगा वा म्वेपु बोनाव्हेंचर!"

कुणी उठले नाही. त्याने पुन्हा हाक दिली.

मोरेनांनी मान वळवून बाकांवर नजर फिरवली. "कोण रे हा बिचारा? डुलकी लागली वाटतं. उठवा कुणीतरी त्याला, पाळी जाईल त्याची."

डॉक्टर सावकाश उठले. "मीच तो, मोरेना."

मोरेनांनी टोपी काढून हातात धरली आणि मागोमाग आत गेले.

टेबलामागे एक तरुण मुलगी होती. वाईट नव्हती. तिने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "न्ताते, अर्जात तुमचा जन्म काँगोतल्या कोल्वेझीचा आहे. आणि मोरेनांच्या पत्रात असं आहे: 'त्सेलिसो तामाए, बातौंग कुळाचा, माझ्या घरात, हा-तामाए गावी जन्मला.' यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही," मोरेना म्हणाले.

"माणूस दोनदा जन्मतो का, मोरेना?"

"आमच्याकडे जन्मतो. मेंढी मी स्वतः कापलीय. गावाला विचार."

मुलीने हात कपाळाला लावला. "माझ्या मामीलाही आजोळी असंच नवं नाव दिलं होतं. मला कळतंय हो. पण वर जे बसतात त्यांना मेंढी कळत नाही. त्यांच्यापुढे दोन कागद जातात, आणि त्या कागदांवर त्यांना दोन माणसं दिसतात."

"मग काय करायचं?" मोरेनांनी विचारले.

ती घुटमळली. "पहिलं पत्र चुकीचं होतं, असं लिहून दिलंत तर कदाचित..."

"चुकून नाही लिहिलेलं ते."

"मग चुकीचं कशामुळे झालं, ते लिहावं लागेल."

मोरेनांनी डॉक्टरांकडे पाहिले. नंतर टोपीकडे. "लिही, मुली. मोरेना तामाए खोटं बोलला, असं लिही."

"मोरेना, नको," डॉक्टर म्हणाले.

"गप्प बस. बाप बोलत असताना मध्ये बोलू नये."

ज्या माणसाचा शब्द चावडीवर साक्षीदाराशिवाय चालायचा, त्याने त्या कागदावर सही केली. परतीच्या बसमध्ये त्यांनी टोपी डोक्यावर घातली नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आले. अर्जासोबतचे पत्र खोटे असल्याचे ते लिहिणाऱ्यानेच कबूल केले आहे. अर्जदाराने खोटा कागद सादर केला आहे. अर्ज फेटाळला. पाच वर्षे नवा अर्ज करता येणार नाही. सध्याचा परवाना संपेल त्या दिवशी देश सोडावा.

म्हणजे मोरेनांनी ज्या सहीने दार उघडेल असे मानले होते, त्याच सहीने ते बंद झाले.

मापालेसांनी कागद दोनदा वाचला. "पंधरा वर्षं मी खोट्या माणसाबरोबर बाळंतपणं केली म्हणायची," त्या म्हणाल्या. "ती पोरंही खोटी असतील. परत पाठवा सगळ्यांना." मग त्या कपडे धुवायच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मे महिन्यात, आमच्याकडची थंडी सुरू होताना, डॉक्टर गेले. आदल्या दिवशी त्यांनी मार्सेलिनच्या थडग्यावरचे गवत उपटले. डावीकडे रचलेले दगड एकेक उचलले आणि तिच्याच थडग्याभोवती लावून टाकले. बसपाशी सगळा गाव होता. नाव ठेवलेल्या दिवशी आरोळ्या देणाऱ्या बायका त्या दिवशी गप्प होत्या. मोरेना सर्वांत शेवटी आले. पुढचे बोलणे मी डॉक्टरांच्या खिशातून ऐकलेले शेवटचे.

"मी तुझं नाव तेवढं नीट लिहिलं असतं, तरी पुरलं असतं ना?"

"पाकीट मी उघडून बघायला हवं होतं, मोरेना."

"उघडलं असतंस तर मी तुझ्याशी जन्मात बोललो नसतो. पण उघडून तरी काय? तुझं नाव मला माहीतच नव्हतं रे. पंधरा वर्षांत विचारलंच नाही मी."

"मीही पुन्हा सांगितलं नाही. मला त्सेलिसो आवडायचं."

मग डॉक्टरांनी मला खिशातून काढले आणि मापालेसांच्या हातात ठेवले. "म्मे, ही तुमची."

"माझी होती," त्या म्हणाल्या. "आता माझ्या कानांना ऐकू कुठे येतंय?"

मित्रांनो, तेव्हापासून मी कुणाची नाही. मापालेसा निवृत्त झाल्या. नव्या नर्सने यंत्र आणले आणि मला खिडकीत खुपसले. नवे डॉक्टर आलेच नाहीत. एकदा फोन आला होता. आमचे डॉक्टर भावाच्या घरी एका खोलीत राहतात. इतकी वर्षे बाहेर राहिल्यामुळे तिकडच्या डॉक्टरांच्या यादीतून त्यांचे नाव गळले आहे, आणि ते परत चढवण्यासाठी ते तिथेही अर्ज भरत आहेत.

यंदाच्या ऑगस्टमध्ये दोन दिवस बर्फ पडला. खिंड बंद झाली, वीज गेली. लिनेओ नावाची मुलगी कळा सुरू झाल्यावर घोड्यावरून आली. बाळ आडवे होते. यंत्र मुके. नर्सने धावत जाऊन मापालेसांना आणले आणि मापालेसांनी मला खिडकीतून उपसले. किती दिवसांनी मला उबदार पोट लागले! त्यांनी कान टेकला, डोळे मिटले. बोट मांडीवर ठेवले, पण ते हलले नाही.

"मला येत नाही ऐकू," त्या म्हणाल्या. "पोरी, तू ऐक. हात सोड. हात सोडून ऐक."

नर्सने कान लावला. "आहेत! म्मे, ठोके आहेत!"

होते, मित्रांनो. चांगले खणखणीत होते. मी ते स्पष्ट ऐकवत होते. पण पोट उघडून बाळ बाहेर काढणारे हात डोंगरात नव्हते, आणि खालून गाडी वर येत नव्हती. मापालेसांनी बाळ फिरवून पाहिले, त्यांना येत होते ते सगळे केले. नर्स दर थोड्या वेळाने मला टेकवायची. ठोके मंद होत गेले. दुपारी तिने मला टेकवले, हात सोडला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मापालेसांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला उचलून घेतले. लिनेओला दुसऱ्या दिवशी खाली नेले. ती वाचली. घरी गेली तेव्हा तिच्या पाठीवर घोंगडीत काही नव्हते.

मी पुन्हा खिडकीत आले आहे.

मी लाकडाची आहे, मला शहाणपण सांगता येत नाही. मला ठोके ऐकवता येतात आणि एक गोष्ट ठाऊक आहे, की धरून ठेवले की आपलीच नाडी ऐकू येते. कुणी दुरून तुमच्याकडे आले, तुमची दुखणी उपसू लागले, तर त्याला घोंगडी द्या, मेंढी कापा, हवे ते लाडके नाव ठेवा. पण त्याच्या आईने ठेवलेले नावही विचारा. ते नीट ऐका, नीट लिहा, आणि त्याला ठेवून घेण्याची वेळ येण्याआधी लिहा. आणि माझ्यासारखे एखादे जुने लाकूड घरात असेल तर त्याला खिडकीत खुपसू नका. त्याचा कधी उपयोग लागेल सांगता येत नाही, आणि लागेल तेव्हा कान तयार हवेत.

मोरेना आता फार थकले आहेत. दर रविवारी प्रार्थनेनंतर ते या खिडकीखालच्या दगडावर येऊन बसतात. शाळेतली मुले जाताना दिसली की थांबवतात आणि म्हणून घेतात: कालेंगा वा म्वेपु बोनाव्हेंचर. मुले अडखळली की पुन्हा म्हणायला लावतात. आता गावातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ आहे. उतारावरून घरी जाताना मुले ते ओरडत जातात, आणि प्रत्येक वेळी, राजधानीतल्या त्या बाकावरच्यासारखे, कुणीच उठत नाही.